मैदानाचे भाडे आणि गवताची विश्रांती

नागपूरच्या जुन्या वस्तीची नावे वारांवरून पडली आहेत. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी. ज्या दिवशी बाजार भरे तो वार त्या पेठेला चिकटला. इतवारी वाढली ती व्यापारावर. सराफा, किराणा, धान्य, शेजारी गांधीबागचे कापड. इथल्या ओळी दुकानांसाठी आखल्या गेल्या. दुकानामागे गोदाम, वर घर, समोर गल्ली. खेळायला जागा ठेवावी असा विचार त्या काळी कुठल्याच बाजारपेठेत होत नसे. माणसाला मोकळी जागा हवी असेल तर शहर संपले की ती होतीच.

नागपुरात १८६४ साली नगरपालिका आली आणि १९३६ साली नागपूर सुधार प्रन्यास स्थापन झाला. प्रन्यासाने नव्या वसाहतींचे लेआउट पाडले तेव्हा रस्ता, नाली, भूखंड यांच्या जोडीला खेळाच्या मैदानाचीही जागा नकाशावर दाखवली जाऊ लागली. इतवारी मात्र नकाशाच्या आधीची. त्यामुळे तिथल्या पोट्ट्यांना खेळायचे असेल तर गल्ली, शाळेचे पटांगण, नाहीतर महालातले चिटणीस पार्क. मोठा सामना भरवायचा असेल तर रेशीमबाग, धंतोलीचे यशवंत स्टेडियम किंवा सीताबर्डीजवळचे कस्तुरचंद पार्क. ही मैदाने सगळ्या शहराची. त्यांच्यावर हक्क सांगणारे हजार, आणि गवत एकच.

सार्वजनिक मैदानाचे गवत वाचते किंवा मरते ते आधी आरक्षणाच्या वहीत, नंतर माळ्याच्या हाती. या प्रकरणाचे सार एवढेच. ते पटायचे असेल तर गवत जगते कसे हे आधी पाहावे लागेल.

हरळी: शेतकऱ्याचे वैर, मैदानाचे वैभव

आपल्या बहुतेक मैदानांवर वाढते ती हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे हीच वनस्पती. वऱ्हाडातला शेतकरी तिला कंटाळलेला असतो, कारण कितीही खणा, खोडाचा एक तुकडा मातीत राहिला तरी ती परत येते. जमिनीच्या वर धावणारी खोडे आणि जमिनीखाली पसरणारी खोडे, अशा दोन्ही वाटांनी ती पसरते. शेतात हा दुर्गुण आहे. मैदानावर याच्याइतका मोठा गुण नाही. खेळाडूच्या बुटाने ओरबाडलेली जागा हरळी बाजूने सरकत भरून काढते. क्रिकेटच्या मोठ्या मैदानांवर लावतात त्या संकरित जाती याच कुळातल्या. त्यातल्या अनेकांना बी धरत नाही, म्हणून त्यांची खोडे तोडून लावणीच करावी लागते.

मात्र भरून काढण्याचे हे काम हरळी वाटेल त्या महिन्यात करत नाही. ती उष्ण प्रदेशातली. हवा २७ ते ३५ अंशांच्या आसपास असेल, पाणी आणि ऊन दोन्ही असेल, तेव्हा ती झपाट्याने वाढते. थंडी पडली की वाढ मंदावते, कडाक्याच्या थंडीत जवळजवळ थांबते आणि पाती पिवळसर पडतात. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली जातो. म्हणजे गवताच्या झोपेचे दिवस तेच.

आता शहराचे कॅलेंडर काढा. पावसाळा संपला की दसरा, मग दिवाळी, मग प्रदर्शने, सांस्कृतिक महोत्सव, लग्नसराई, टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धा, शाळांची स्नेहसंमेलने. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते आणि त्याबरोबर मोर्चे येतात. यशवंत स्टेडियममधून मोर्चा निघणे नागपूरकरांच्या सवयीचे आहे. हवा चांगली असते म्हणून माणसे याच महिन्यांत मैदान मागतात. गवत नेमके याच महिन्यांत जखम भरून काढू शकत नाही. जुलैत उखडलेली जागा हरळी काही आठवड्यांत झाकते. डिसेंबरात उखडलेली तशीच जागा फेब्रुवारीअखेरपर्यंत उघडी राहते. भाडे दोन्ही वेळा सारखे लावले, तर मैदान हिवाळ्यात तोट्यात जाते.

पायाखालची काळी माती

नागपूरची जमीन काळी, चिकणमातीची. पाणी प्यायले की फुगते, वाळले की आक्रसते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ही माती मानवते. खेळपट्टीलाही मानवते, कारण दाबून, वाळवून ती टणक होते आणि चेंडू उसळतो. बाकीच्या मैदानासाठी मात्र तीच डोकेदुखी.

चांगल्या मातीत निम्मे आकारमान कणांचे आणि निम्मे पोकळीचे असते. त्या पोकळीत थोडे पाणी, थोडी हवा. मुळे या पोकळीत श्वास घेतात. माती ओली असताना तिच्यावर माणसे धावली, ट्रक फिरला किंवा जनरेटर उभा राहिला, की कण एकमेकांत बसतात आणि पोकळी मिटते. पुढे पाऊस पडला तर पाणी मुरत नाही, साचते. पाणी दिले तर वरून वाहून जाते. गवताची मुळे वरच्या दोन बोटांतच राहतात आणि पहिल्या उन्हात गवत जळते. लोक म्हणतात, गवताला पाणी कमी पडले. खरे तर कमी पडलेली असते हवा.

ओल्या मैदानाचे मोल नागपूरने अवघ्या देशाच्या साक्षीने अनुभवले आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी वर्धा रोडवरच्या जामठा स्टेडियममध्ये भारत-ऑस्ट्रेलिया टी-२० सामना होता. सामन्याच्या वेळी पाऊस नव्हता, पण आधीच्या पावसाने मैदान ओले होते. पंच पुन्हा पुन्हा पाहणी करत राहिले आणि शेवटी २० षटकांचा सामना ८ षटकांवर आला. भारताने तो ६ गडी राखून जिंकला, रोहित शर्माने २० चेंडूंत नाबाद ४६ धावा केल्या. आंतरराष्ट्रीय स्टेडियममध्येही ओल्या मातीपुढे वाट पाहावी लागते, तर वॉर्डातल्या मैदानावर पावसाच्या दुसऱ्या दिवशी सामना खेळवण्याचा हट्ट किती महाग पडत असेल याचा अंदाज करता येईल.

खेळपट्टीचे गणित वेगळे. ऑक्टोबर २००४ मध्ये सिव्हिल लाइन्सच्या जुन्या व्हीसीए मैदानावर खेळपट्टीवर हिरवे गवत ठेवले गेले. ऑस्ट्रेलियाने कसोटी ३४२ धावांनी जिंकली आणि ३५ वर्षांनंतर भारतात मालिकाही जिंकली. नोव्हेंबर २०१५ मध्ये जामठ्याची खेळपट्टी इतकी फिरली की दक्षिण आफ्रिकेचा संघ ७९ धावांत बाद झाला आणि कसोटी तिसऱ्या दिवशीच संपली. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्या खेळपट्टीला निकृष्ट ठरवले. गवताचे चार मिलिमीटर आणि मातीतला ओलावा यांवर सामना कसा फिरतो, हे नागपूरच्या प्रेक्षकाला वेगळे सांगायला नको.

मैदान थकते किती सामन्यांनी?

पूल बांधताना त्यावरून किती भार जाईल हे आधी ठरते. मैदानाचेही तसेच असायला हवे. इंग्लंडमध्ये सार्वजनिक मैदानांचे नियोजन करताना साधारण हिशोब असा धरतात: फुटबॉलचे चांगले गवताळ मैदान आठवड्याला प्रौढांचे ३ सामने झेलते, मध्यम मैदान २, आणि वाईट मैदान १. क्रिकेटच्या गवती खेळपट्टीची एक चांगली पट्टी एका हंगामात ५ सामन्यांपुरती. हे आकडे तिथल्या थंड, ओल्या हवेतले. आपल्याकडे हरळी पावसाळ्यात जास्त झेलेल, हिवाळ्यात कमी. पण आकडा कमी-जास्त होईल. आकडा असलाच पाहिजे, ही गोष्ट बदलत नाही.

आपल्या मैदानांवर हा आकडा कुठे लिहिलेला नसतो. सकाळी चालणारे, मग सराव करणारी मुले, संध्याकाळी एकाच वेळी एकमेकांत मिसळलेले आठ-दहा डाव, एकाचा पॉइंट तो दुसऱ्याचा मिड-ऑन. रविवारी स्पर्धा. अशा गर्दीत कुठलेही गवत टिकणार नाही, मग माळी कितीही हुशार असो. म्हणून पहिला प्रामाणिक निर्णय हा, की प्रत्येक मैदान हिरवे करायचे नाही. कबड्डी, खो-खो, मॅटवरचे क्रिकेट यांना नीट उतार दिलेले, खडे वेचलेले, पाणी मारून बसवलेले मातीचे किंवा बारीक मुरुमाचे मैदान पुरते. इतवारीसारख्या दाट वस्तीजवळच्या मैदानाला असे चांगले मातीचे पटांगण जास्त उपयोगी. गवत लावायचे ते जिथे दार आहे, कुलूप आहे आणि आरक्षणाची वही पाळली जाते तिथे. दारच नसलेल्या मैदानावर दरवर्षी हरळी लावणे म्हणजे दरवर्षी नवे बिल काढणे.

घोडे, अर्ज आणि पहिला वाद

गवत कोणाचे, हा वाद आपल्या राज्यात फार जुना आहे. १८७०-८०च्या दशकात मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर पारशी आणि हिंदू मुले क्रिकेट खेळत. त्याच मैदानावर जिमखान्याचे युरोपीय सभासद आठवड्यातून ठरावीक दिवशी पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी गवत उखडे, जमीन खड्ड्यांनी भरे आणि दुसऱ्या दिवशी चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसे. युरोपीय क्रिकेटपटूंसाठी वेगळी राखलेली हिरवळ होती. बाकीच्यांनी उरलेल्या जागेत भागवायचे. १८८१ साली शेकडो देशी खेळाडूंनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला: पोलो कुलाब्याकडच्या कुपरेजला हलवा. अर्ज, उलट अर्ज, पोलोचे जाणे आणि परत येणे असे ते प्रकरण वर्षानुवर्षे चालले. शापूरजी सोराबजी यांनी पुढे १८९७ साली पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिला, त्यात या लढ्याला मोठी जागा दिली. शेवटी समुद्रकिनारी मरीन लाइन्सला पारशी, हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांना स्वतंत्र भूखंड मिळाले आणि भांडण निवले.

या कथेत एक गोष्ट लक्षात घ्यावी. अर्जदारांनी पोलो बंद करा असे म्हटले नव्हते. एका खेळाने खराब झालेली जमीन दुसऱ्या खेळाला देऊ नका, एवढेच म्हणणे होते. आज घोड्यांच्या जागी मंडपाचे ट्रक आहेत. म्हणणे बदललेले नाही.

मंडप पडतो तेव्हा

कायद्याने मैदानाची जागा कार्यक्रमाला देता येते, पण मोजून. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये ३७-अ हे कलम आहे. विकास आराखड्यात खेळाचे मैदान म्हणून दाखवलेली जागा तात्पुरती दुसऱ्या कामाला द्यायची तर एका वेळी १२ दिवसांपेक्षा जास्त नाही आणि वर्षभरात मिळून ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा त्यात घातली आहे. दादरच्या शिवाजी पार्कवर कोणत्या बिगर-क्रीडा कार्यक्रमांना हे ४५ दिवस वाटायचे, याची यादीच सरकारने ठरवून दिली आहे.

४५ दिवस ऐकायला थोडे वाटतात. पण मंडपवाल्याचे काम कार्यक्रमाच्या दिवशी सुरू होत नाही. तीन दिवसांच्या प्रदर्शनाआधी चार दिवस बल्ल्या गाडणे, ताडपत्री, कनाती, स्टेज. नंतर दोन दिवस उतरवणे. तीनचे नऊ झाले. या नऊ दिवसांत गालिच्याखाली किंवा प्लायच्या फळ्यांखाली झाकलेल्या गवताला ऊन मिळत नाही आणि ते पिवळे पडते. ते परत उभे राहायला उन्हाळा-पावसाळ्यात दोन-तीन आठवडे, हिवाळ्यात त्याहून बरेच जास्त. म्हणून दिवस मोजायचे ते पहिला ट्रक फाटकातून आत आल्यापासून शेवटची बल्ली बाहेर जाईपर्यंत, आणि त्यापुढे विश्रांतीचे दिवस जोडून.

मंडपाचे नुकसान कुठे होते याची यादी ठरलेली आहे. बल्ल्यांचे खड्डे: ते विटांच्या तुकड्यांनी भरले तर पुढच्या मोसमात तिथेच घोटे मुरगळतात, भरायचे ते त्याच मातीने, थर देऊन, ठोकून आणि पाणी मारून. खिळे आणि तारेचे तुकडे: लोहचुंबक लावलेला दांडा फिरवला की अर्ध्या तासात निघतात, पण तो फिरवायचा कोणी हे करारात लिहिलेले नसते. स्वयंपाकाचा कोपरा: उकळते पाणी, तेल आणि खारट खरकटे पडले की ती जागा वर्षभर टक्कल राहते. जड वाहने: ट्रक मैदानाच्या कडेला थांबवून सामान हातगाडीने आत न्यायचे, एवढा नियम पाळला तरी निम्मे नुकसान टळते.

अर्ज करणाऱ्याने काय पाहावे

इतवारीच्या आसपासचा भाग महापालिकेच्या गांधीबाग, सतरंजीपुरा आणि लकडगंज या झोनांमध्ये येतो. मैदान कोणाच्या मालकीचे आहे, महापालिकेचे, सुधार प्रन्यासाचे, जिल्हा प्रशासनाचे की संस्थेचे, हे आधी विचारावे. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला तर स्पर्धेची तारीख निघून जाते. लाउडस्पीकर लावायचा असेल तर पोलिसांची परवानगी वेगळी, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो उघड्यावर लावता येत नाही.

परवानगी हातात आली की सामन्याआधी दोन दिवस मैदानावर चक्कर मारावी. पावसाने ओले असेल तर टाच रोवून पाहावी. टाचेखाली पाणी वर आले किंवा माती बुटाला चिकटली, तर सामना पुढे ढकलावा. फोटो काढून ठेवावेत, म्हणजे अनामत परत घेताना जुना खड्डा आपल्या नावावर लागत नाही. रेषा फक्कीने मारताना ती हलकी मारावी. एकाच रेषेवर वर्षभर चुना पडला की तिथले गवत जाते. आणि सामना संपल्यावर उखडलेले ढेकूळ पायाने दाबून जागेवर बसवायला संघातल्या मुलांना पाच मिनिटे थांबवावे. पोलोच्या मैदानावर आजही मध्यंतराला प्रेक्षक उतरून हेच करतात.

माळ्याचे वर्ष

नागपूरच्या मैदानाचे वर्ष जूनपासून मोजावे. पहिले दोन चांगले पाऊस झाले की हरळीच्या खोडांची लावण करावी. वीत-वीत अंतरावर लावलेली खोडे पावसाळा संपेपर्यंत जमीन झाकतात. नागपुरात वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात पाणी द्यायचे नसते, काढून द्यायचे असते. मधोमध थोडे उंच आणि चारी बाजूंना उतार, कडेला मोकळी नाली. गाजरगवत फुलण्याआधी उपटायचे. गवत कापताना एका वेळी पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापायचा नाही, नाहीतर मुळे खुरटतात.

ऑक्टोबरमध्ये माती वाफशावर आली की काटेरी रोलरने किंवा साध्या काट्याने बोटभर खोल भोके पाडावीत. दाबलेल्या मातीत हवा शिरायला यापेक्षा स्वस्त उपाय नाही. इथे एक चूक सर्रास होते. काळ्या मातीत पाणी साचते म्हणून चार ट्रॉली वाळू आणून मिसळतात. थोडी वाळू आणि भरपूर चिकणमाती यांचे मिश्रण वाळल्यावर आणखी घट्ट होते. वाळूचा थर द्यायचा तर पुरेसा आणि दरवर्षी द्यायचा, नाहीतर देऊच नये. दुसरी चूक रोलरची. वजनदार रोलर खेळपट्टीसाठी असतो. सारे मैदान त्याने दाबणे म्हणजे गवताचा श्वास पैसे देऊन बंद करणे.

उन्हाळ्यात पाण्याचा हिशोब साधा आहे. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. एक हेक्टर मैदानाला एकदा ५ मिलिमीटर पाणी द्यायचे तर ५० हजार लिटर लागते, म्हणजे १० हजार लिटरचे पाच टँकर. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या शहरात (२०१३ च्या मे महिन्यात तो ४७.९ अंशांवर गेला होता) पिण्याचे पाणी मैदानाला घालणे कोणाला पटणार नाही. नागपूर भांडेवाडीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला पुरवते. मैदानांसाठी त्याच प्रकारच्या पाण्याची वेगळी वाहिनी हा सरळ मार्ग आहे. पाणी नसेल तर मे महिन्यात हरळीला सुकू द्यावे. ती मरत नाही. मुळांत दडी मारून पावसाची वाट पाहते. मात्र त्या काळात तिच्यावर खेळ आणि मंडप दोन्ही नकोत.

प्लॅस्टिकची हिरवळ

जागा नाही आणि गवत टिकत नाही, म्हणून शहरात जाळीबंद कृत्रिम मैदाने आली. तरुण मंडळी त्यांना नुसते ‘टर्फ’ म्हणतात. तासाच्या भाड्याने रात्री बॉक्स क्रिकेट आणि फुटबॉल चालते. दाट पेठेला ही सोय खरोखर उपयोगी आहे: चिखल नाही, विश्रांती नको, दिवसाला दहा तास खेळा. पण उन्हात ही हिरवळ खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापते, साठ अंशांच्या पुढेही जाते. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी ती निरुपयोगीच. आठ-दहा वर्षांत तिचे धागे झिजतात आणि सगळा गालिचा बदलावा लागतो. तिच्यात भरलेले रबराचे दाणे पावसाबरोबर नालीत जातात. याच कारणाने युरोपीय महासंघाने २०२३ साली अशा दाण्यांच्या विक्रीवर बंदीचा नियम केला आणि तो लागू व्हायला आठ वर्षांची मुदत दिली. कृत्रिम मैदानाने सार्वजनिक मैदानाचा भार हलका करावा. त्याची जागा घेऊ नये. तासाचे भाडे परवडत नाही त्या मुलालाही शहरात धावायला जमीन हवी.

वही फाटकावर लावा

मैदान वाचवायला मोठा निधी लागतो असा समज आहे. निधी लागतो, पण आधी लागतो हिशोब. वर्षात किती सामने, किती कार्यक्रम, प्रत्येकाचे किती दिवस, आणि त्यानंतर किती दिवस फाटक बंद. हे सगळे एका तक्त्यात लिहून मैदानाच्या फाटकावर लावले, तर ४५ दिवसांची मर्यादा कोण ओलांडतो हे शेजारच्या चहावाल्यालाही कळेल. भाड्याच्या पावतीवर दोन ओळी वाढवाव्यात: एक दुरुस्तीच्या रकमेची, दुसरी विश्रांतीच्या दिवसांची. विश्रांतीच्या दिवसांचेही भाडे कार्यक्रम करणाऱ्याकडूनच घ्यावे.

तुम्ही इतवारीत राहत असा किंवा आणखी कुठे, पुढच्या वेळी मैदानासाठी अर्ज कराल तेव्हा बाबूला एक प्रश्न जरूर विचारा: आमच्या आधी इथे कोण होते, आणि आमच्यानंतर मैदानाला किती दिवस सुट्टी आहे? हा प्रश्न शंभर अर्जदारांनी विचारला, तर वही आपोआप नीट लिहिली जाईल.